एका टीमची तीन गावं: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात मी सहज दोन ओळी लिहून गेलो की २०२४ ला कोरियात लीगमध्ये पाचव्या नंबरवर राहिलेली बास्केटबॉल टीम थेट चॅम्पियन झाली, बुसान केसीसी इजिस तिचं नाव, ही टीम मुळात ह्युंदाईची, आणि २०२३ ला जॉन्जू हे गाव सोडून बुसानला आलेली. बस्स. एरवी या सदराला क्रिकेट सोडून कोणी काही विचारत नाही, यावेळी मात्र पत्रांचा ढीग. जेवढं बसतंय तेवढं घेतलंय.

दादा, आमच्या तळेगावात आता ह्युंदाईचा प्लँट आहे म्हणून विचारतो. ही टीम त्याच गाडीवाल्या ह्युंदाईची का? आणि मग नावात केसीसी कुठून आलं? (एक वाचक, तळेगाव दाभाडे)

खानदान तेच, घर वेगळं. १९७८ मध्ये ह्युंदाई ग्रुपने ही टीम काढली, तेव्हा प्रोफेशनल लीग वगैरे काही नव्हतं, कंपन्यांच्या टीम एकमेकांशी खेळायच्या, जशा आपल्याकडे बँकांच्या आणि रेल्वेच्या कबड्डी टीम असतात ना तशाच. ह्युंदाई आणि सॅमसंग यांचं तेव्हापासूनच कोर्टावर वाकडं. पुढे टीम ह्युंदाई इलेक्ट्रॉनिक्सकडे होती, म्हणजे गाड्या नाही, चिप्स आणि मोबाईल बनवणारी कंपनी. १९९७ ला केबीएल नावाची प्रो लीग सुरू झाली तेव्हा हिला देजॉन शहर मिळालं आणि नाव पडलं देजॉन ह्युंदाई डायनॅट. दोन वर्षांनी नाव बदलून केलं गलिव्हर्स, का तर कंपनीच्या मोबाईलचं नाव गलिव्हर होतं! म्हणजे प्लेयर अंगावर मोबाईलची जाहिरात घालून नाही, मोबाईलचंच नाव लावून खेळत होते.

२००१ पर्यंत ह्युंदाई इलेक्ट्रॉनिक्स कर्जात बुडाली (तीच पुढे हायनिक्स झाली, आज एसके हायनिक्स म्हणून मेमरी चिप्समध्ये जोरात आहे) आणि टीम सांभाळणं परवडेना. मग ती घेतली केसीसीने. केसीसी म्हणजे रंग, काच, बांधकामाचं सामान बनवणारी कंपनी, आणि तिचे मालक चंग सांग-यंग हे ह्युंदाईचे संस्थापक चंग जू-यंग यांचे सर्वात धाकटे भाऊ. थोडक्यात थोरल्याच्या घरातलं पोर धाकट्या काकाने सांभाळायला नेलं. हे काका २०२१ मध्ये वारले, पण तोपर्यंत २० वर्षं त्यांनी टीमला पैशाची ददात पडू दिली नाही. नावातलं इजिस म्हणजे ग्रीक गोष्टीतल्या झ्यूस देवाची ढाल.

गाडीवाल्यांची टीम वेगळी आहे. ती मूळची कियाची, नंतर उल्सानला गेली आणि आता ह्युंदाई मोबिस म्हणून खेळते. आणि पुणे जिल्ह्यातच आहात म्हणून सांगतो, रांजणगावला ज्यांचा कारखाना आहे त्या एलजीचीही टीम आहे, चांगवॉन एलजी सेकर्स, तिला पहिलं विजेतेपद मिळायला २०२५ उजाडलं. तोवर बिचारे नुसते फायनल हरत होते.

लीग नेमकी कशी चालते? एनबीएसारखीच का? (कॉलेज विद्यार्थी, नाशिक)

त्या अमेरिकन लीगची छोटी आवृत्ती समज. १० टीम, प्रत्येकीच्या ५४ मॅच, ऑक्टोबरला सुरू होऊन मे उजाडेपर्यंत फायनल. क्वार्टर १० मिनिटांचे, एनबीएसारखे १२ चे नाही. पहिल्या ६ टीम प्लेऑफला जातात, त्यातल्या वरच्या दोघी थेट सेमीफायनलला, बाकी चौघी आधी आपसात पाच-पाच मॅचची सीरिज खेळतात. फायनल सातची, चार जिंकल्या की कप. मी ज्या २०२३-२४ च्या सीझनबद्दल लिहिलं होतं तेव्हा टीममध्ये दोन परदेशी चालायचे पण कोर्टावर एका वेळी एकच, शिवाय फिलिपिन्स किंवा जपानचा एक प्लेयर वेगळ्या कोट्यातून. आता पाचवा नंबर म्हणजे काय ते तुझ्या लक्षात येईल, एक जास्तीची सीरिज खेळून, दमून, वर पुन्हा पहिल्या नंबरशी सेमीफायनल. म्हणून त्या विजेतेपदाचं एवढं कौतुक, याआधी पाचव्या नंबरच्या कोणी कप उचललाच नव्हता.

सर, टीमने गाव सोडलं म्हणजे काय हो? आमच्या तालमीने उद्या जिल्हा बदलला तर लोक दारात बसतील. जॉन्जूच्या लोकांनी काहीच केलं नाही? (एक वाचक, कोल्हापूर)

कोल्हापूरचा माणूस हाच प्रश्न विचारणार हे मला माहीतच होतं.

जॉन्जू हे कोरियाच्या नैऋत्येचं जुनं शहर, आपल्या लोकांना बिबिम्बाप माहीत असेल, तो भात-भाजी-अंड्याचा मोठा वाडगा, तो तिथलाच प्रसिद्ध. मोठी शहरं बहुतेक सोल नाहीतर बुसानच्या बाजूला, त्यामुळे जॉन्जूला प्रो टीम म्हणजे अप्रूप. त्यांची बेसबॉल टीम २००० मध्ये बंद पडली आणि पुढच्याच वर्षी देजॉनहून ही बास्केटबॉल टीम आली. आता गंमत बघा, जॉन्जूवाले २०२३ ला जे रडले ते देजॉनवाले २००१ ला रडून मोकळे झाले होते, दोन वेळा चॅम्पियन झालेली टीम उचलून नेली त्यांच्यातून, पण त्याचं आज कोणी नाव काढत नाही.

तर जॉन्जूचं जिम्नॅशियम १९७३ चं, युनिव्हर्सिटीच्या आवाराला लागून, जेमतेम चार-पाच हजार माणूस बसेल असं. जुनं, गळकं म्हणत नाही पण जुनंच. २०१६ ला पहिल्यांदा बोंब उठली की टीम सोलजवळच्या सुवॉनला चालली. सिटीने धावाधाव केली, नवीन स्टेडियम बांधून देतो म्हणून शब्द दिला, टीम थांबली. मग काय, आपल्याला हा सिनेमा पाठ आहे. २०१७ गेलं, १८ गेलं, मध्ये करोना, २०२३ आलं तरी नवीन स्टेडियम उभं नाही, आणि वर युनिव्हर्सिटीला तिची जागा परत हवी म्हणून जुनं जिम्नॅशियमही रिकामं करा असा विषय निघाला. तेव्हा केसीसीचं डोकं फिरलं. ऑगस्ट २०२३ च्या शेवटी लीगच्या बोर्डाने परवानगी दिली आणि सीझन तोंडावर असताना २२ वर्षांचा संसार गुंडाळून टीम बुसानला.

लोक चिडले, भरपूर चिडले. पण चिडून जाणार कुठे? तालीम गावकऱ्यांची असते हो, वर्गणीची असते. ही टीम कंपनीची. प्लेयर तर राहायचेही जॉन्जूत नाहीत, त्यांची प्रॅक्टिस आणि राहणं सोलजवळच्या योंगिनमध्ये, मॅचपुरते बसने यायचे आणि रात्री परत. हे बहुतेक टीमचं असंच होतं. घर म्हणायचं ते फक्त मॅचच्या दिवशी. माझं स्पष्ट मत विचाराल तर चूक सिटीची जास्त होती, सात वर्षं कोणी शब्दावर बसवून ठेवत नाही. पण टीमनेही निदान एक निरोपाची मॅच खेळायची होती. २२ वर्षं पोरांना घेऊन येणाऱ्या आयाबापांना पेपरात वाचून कळावं, हे बरं दिसलं नाही.

आणि बुसानची कथा याच्या उलट. त्यांच्याकडून दोन टीम आधीच गेल्या होत्या. १९९७ ला लीगचा सगळ्यात पहिला कप जिंकणारी किया ही बुसानची, ती २००१ ला उल्सानला गेली. मग केटी ही टेलिफोन कंपनीची टीम आली, ती २०२१ ला सुवॉनला गेली. दोन वर्षं एवढं मोठं साजिक जिम्नॅशियम पुरुषांच्या टीमविना. मग केसीसी आली आणि पहिल्याच वर्षी फायनलला पोचली, आणि समोर कोण? सुवॉन केटी! सोडून गेलेली टीम. बुसानच्या मॅचला १० हजारांवर लोक आले, लीगमध्ये १२ वर्षांत एवढी गर्दी कोणी बघितली नव्हती. केसीसीने ४-१ ने मारलं, ५ मे २०२४ ला, तेही सुवॉनमध्ये जाऊन. बुसानला २७ वर्षांनी बास्केटबॉलचा कप. मी तर म्हणतो स्क्रिप्ट लिहूनसुद्धा असं जमत नाही.

नमस्कार. माझी मुलगी कोरियन शो बघते, त्यात एक खूप उंच होस्ट असतो सो जांग-हून. तो म्हणे आधी बास्केटबॉल खेळायचा, खरं का? आणि तो या टीमकडून खेळला का? (एक वाचक ताई, सांगली)

ताई, खेळायचा काय, लीगच्या इतिहासात सर्वात जास्त पॉइंट्स त्याचेच, १३,२३१. उंची २०७ सेंटिमीटर. आणि हो, या टीमकडून खेळला, पण थोडाच, आणि त्या थोड्यात जे रामायण झालं ते सांगायलाच पाहिजे, कारण टीमच्या इतिहासातलं सगळ्यात दुखरं पान तेच आहे.

आधी ली सांग-मिन कोण ते बघा. गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेऊन खेळ रचणारा. शांत चेहरा, पास असे की समोरच्याला बॉल गेलेला नंतर कळायचा. ह्युंदाईच्या दिवसांपासून टीमचा जीव तो. तो, चो सुंग-वॉन आणि चू सुंग-ग्युन या तिघांना लोक आडनावं जोडून ली-चो-चू म्हणायचे. सोबत जॉनी मॅकडॉवेल नावाचा अमेरिकन, बुटका नाही पण सेंटर (बास्केटखाली उभा राहणारा) म्हणून काही फार उंचही नाही, रणगाड्यासारखा घुसायचा. या चौघांच्या जोरावर १९९८ आणि १९९९ चे कप. २००४ ला केसीसी म्हणून पुन्हा कप, फायनलचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) ली. ऑल-स्टार मॅचसाठी लोक मतं देऊन प्लेयर निवडतात, त्या मतदानात वर्षानुवर्षं पहिला. जॉन्जूत तर त्याला देवच मानायचे.

२००७ ला केसीसीने सो जांग-हूनला सॅमसंगकडून फ्री एजंट (करार संपून मोकळा झालेला) म्हणून आणलं. सो आणि ली योनसे युनिव्हर्सिटीत एकाच टीममध्ये खेळलेले, त्या पोरांनी कॉलेजची असून कंपन्यांच्या टीमना हरवून देशाचा कप नेला होता, सो यायचं एक कारण म्हणजे जुन्या मित्रासोबत परत खेळायचं. आता नियम असा होता की मोठा प्लेयर घेतला की ज्यांच्याकडून घेतला त्यांना भरपाईत एक प्लेयर द्यायचा. तुम्ही तीन नावं झाकून ठेवू शकता, बाकीच्यांमधून समोरचा उचलणार. केसीसीने तीन नावं झाकली, नवीन आणलेला सो, नवीन आणलेलाच दुसरा गार्ड लिम जे-ह्यून, आणि चू. ली सांग-मिन उघड्यावर. वय झालंय, पगार मोठा, त्याला कोण उचलणार, असा हिशोब असावा.

सॅमसंगने लगेच उचलला. ज्याच्यासोबत खेळायला सो आला तोच त्याच्या जागी सॅमसंगला! जॉन्जूत हाहाकार. कंपनीच्या हिशोबात बसलं असेल पण लोकांच्या हिशोबात बसलं नाही, आजही जुना फॅन हा विषय निघाला की गप्प होतो.

पुढचं ऐका. सोचं केसीसीत बस्तान बसलंच नाही, नवीन आलेला हा सुंग-जिन (‘हा’ हे त्याचं आडनाव) त्याच्याहून उंच, दोन सेंटर कोर्टावर मावेनात, डिसेंबर २००८ ला सोला दुसरीकडे पाठवून दिला. आणि त्याच सीझनची फायनल कोणाची, केसीसी विरुद्ध सॅमसंग. म्हणजे ली आपल्याच जुन्या टीमसमोर. सातव्या मॅचपर्यंत गेली, केसीसी ४-३ ने जिंकली, एमव्हीपी झाला चू, ज्याला झाकून ठेवलं होतं तोच. चू शेवटपर्यंत कुठे गेला नाही, १९९७ ते २०१२ एकाच टीममध्ये, पाच कप, १०,०१९ पॉइंट्स, त्याची ४ नंबरची जर्सी आता कोणाला देत नाहीत.

आणि ली? सॅमसंगमध्येच रिटायर झाला, तिथेच आठ वर्षं कोच राहिला, २०२३ ला असिस्टंट म्हणून केसीसीत परतला आणि २०२५ ला हेड कोच. म्हणजे घरी आला खरा, पण घर तोवर बुसानला शिफ्ट झालेलं.

बापलेक-भाऊ सगळे एकाच टीमचे असं ऐकलं. नक्की कोण कोणाचा? (एक वाचक, अमरावती)

बाप हो जे (‘हो’ हे आडनाव). कोरियात त्याला बास्केटबॉलचा राष्ट्राध्यक्ष म्हणतात, तसं टोपणनावच आहे. १९९८ च्या फायनलला तो कियाकडून, समोर ह्युंदाई म्हणजे आपलीच ही टीम. हाताचं हाड मोडलेलं, भुवई फाटलेली, तरी खेळला. किया ३-४ ने हरली आणि एमव्हीपी दिला हरलेल्या हो जेला! हरलेल्या टीममधला फायनलचा एमव्हीपी तोच. नंतर २००५ ला केसीसीचा कोच झाला, दहा वर्षं होता, २००९ आणि २०११ चे कप त्याचे.

थोरला मुलगा हो उंग २०२२ ला केसीसीत आला. धाकटा हो हून केटीत. म्हणजे २०२४ च्या फायनलला दोघे भाऊ समोरासमोर. तिसरी मॅच बुसानला, दोघेही एक मिनिट बाहेर बसले नाहीत, धाकट्याचे ३७, थोरल्याचे २६, आणि मॅच केसीसीची ९२-८९. धाकटा आजारी असून खेळत होता सीरिजमध्ये. शेवटी एमव्हीपी थोरला. बाप हरून एमव्हीपी, मुलगा जिंकून. २०२५ ला धाकटाही केसीसीत आला, आता आईला कोणाच्या बाजूने ओरडायचं हा प्रश्न मिटला.

अजून एक. ऑल-स्टारच्या मतांचा रेकॉर्ड १९ वर्षं ली सांग-मिनच्या नावावर होता, १ लाख २० हजार ३५४. तो मोडला हो उंगने, तेव्हा दुसऱ्या टीममध्ये होता, १ लाख ६३ हजार ८५० मतं. आता ज्याचा रेकॉर्ड मोडला तोच त्याचा कोच.

एकूण कप किती? आणि पाचव्या नंबरवरून जिंकणं हा निव्वळ नशिबाचा भाग नाही का? (निवृत्त शिक्षक, सातारा)

गुरुजी, २०२४ चा सहावा. नशीब म्हणाल तर त्या टीममध्ये हो उंग, चोई जून-योंग, ली सुंग-ह्यून, मिलिटरी सर्व्हिसवरून परतलेला सोंग क्यो-चांग आणि आत रा गुन-आ, सगळे नॅशनल टीमचे. लोक आधीपासूनच सुपर टीम म्हणत होते, सीझनभर एक दुखापतीतून उठला की दुसरा बसायचा म्हणून पाचवा नंबर. प्लेऑफला सगळे एकदम उभे राहिले आणि पहिल्यांदा एसके या टीमला ३-०, मग पहिल्या नंबरच्या वॉन्जू डीबीला ३-१.

पण तुमच्यासारख्या माणसाला आवडेल असा एक हिशोब देतो. केसीसी हे नाव लागल्यापासून २०२४ पर्यंत या टीमने दोनदा लीगमध्ये पहिला नंबर काढला, २०१६ आणि २०२१ ला. दोन्ही वेळा फायनल हरली, २०२१ ला तर ४-० असं साफ धुतलं. आणि कप जिंकले ते कुठल्या नंबरवरून, २००४ ला दुसरा, २००९ ला तिसरा, २०११ ला तिसरा, २०२४ ला पाचवा. वर्गात पहिला येणारा बोर्डात राहून जातो तसं. २०२४ च्या कपानंतरच्या सीझनला तर घसरून थेट नववा नंबर, तेव्हा कोचही बदलला.

रा गुन-आ हा दिसायला अमेरिकन, नाव कोरियन? (पनवेल)

मूळचा रिकार्डो रॅटलिफ. २०१८ ला कोरियन नागरिक झाला. तिथे आडनावासोबत मूळगाव लागतं, आपल्याकडे अमुक गावचे पाटील म्हणतात तसं, तर त्याने योंगिनचे रा असं घराणंच नवीन सुरू केलं. स्वतःच मूळपुरुष! गुन-आ म्हणजे धट्टाकट्टा गडी.

आणि सर्वात उंच कोण? (इयत्ता सातवी, बार्शी)

बाळा, मगाशी आला ना, हा सुंग-जिन. २२१ सेंटिमीटर. एनबीएत खेळलेला पहिला कोरियन, पोर्टलंडकडून. नंतर केसीसीत आला, २०११ च्या फायनलचा एमव्हीपी तो. तुमच्या वर्गाच्या दाराची चौकट सरांना विचारून मोजून बघ आणि मला कळव तो सरळ उभा आत जाईल का.

मी मर्चंट नेव्हीत आहे, रत्नागिरीचा. आमचं जहाज अधूनमधून बुसानला लागतं. शोर लीव्ह मिळाली तर मॅच बघता येईल का? (एक वाचक, जहाजावरून)

आमच्या सगळ्या वाचकांत नशीबवान तुम्हीच. मेट्रोची ३ नंबरची लाइन धरा, साजिक स्टेशन नाहीतर त्याच्या शेजारचं स्पोर्ट्स कॉम्प्लेक्स, दोन्हीकडून चालत. सीझन ऑक्टोबरपासून पुढे, शनिवार-रविवारी दुपारच्या मॅच असतात, त्या तुम्हाला बऱ्या. आत गेलात की लक्षात ठेवा, याच जिम्नॅशियममध्ये २००२ च्या एशियन गेम्सची फायनल झाली, समोर याओ मिंगचा चीन, ओव्हरटाइम, कोरिया १०२-१०० ने जिंकली. त्या टीममध्ये ली सांग-मिन आणि चू दोघेही होते, आणि आधी सेमीफायनलला फिलिपिन्सविरुद्ध दोनने मागे असताना शेवटच्या क्षणी लीने तीनचा टाकला म्हणून तर फायनल दिसली. त्याच कोर्टाच्या कडेला तो आता सूट घालून उभा असतो. फक्त एक करा, ऑक्टोबरच्या सुरुवातीला गेलात तर शेजारी लोटे जायंट्सचं बेसबॉल स्टेडियम आहे, गर्दीच्या मागे मागे गेलात तर भलत्याच मॅचला पोचाल.